कशात किती आलं

काचियात आल्याला चित्ता म्हणतात.
पहिल्या सकाळी झुग्वाई सहज म्हणाली,
"चित्ता बारीक दळून घेतलाय,"
आणि मी आधी दाराकडे पाहिलं.

व्हॅक्युम पंप दुरुस्त करायला गेलो होतो, चार दिवसांसाठी.
सुटा भाग लागोसच्या कस्टममध्ये अडकला,
चाराचे एकोणीस झाले.
हरमॅटनची धूळ वहीच्या पानांत, दातांत, चहात.

तिच्या बाकावर चार फ्लास्क.
एकाच पोत्यातली पूड, एकाच चाळणीची,
प्रत्येकात पन्नास ग्रॅम.
फरक एवढाच, आत बोलायला कुणाला पाठवलंय.

पाणी गेलं.
पाणी भेटेल त्याच्याशी गप्पा मारत बसतं,
स्टार्च, साखर, डिंक, थोडी माती,
आणि गढूळ होऊन परततं.
जिभेवर जरासा चटका, बाकी पेज.

हेक्झेनला पाण्याचं वावडं.
तो तेलाच्याच घरी उतरतो.
पिवळसर, पातळ असं काही घेऊन आला
आणि अख्ख्या खोलीत लिंबाची साल कुणी मोडल्यासारखं झालं.
मी म्हटलं, हेच तर आलं!
तिनं काही न बोलता चोथा पुढे केला,
दोन दिवस वाळवलेला, तपासलेला. "चाख."
जीभ पेटली.
वास तेवढा नेला होता त्यानं.
तिखट आतच, कडी लावून बसलेलं.

असिटोन घाईचा. वजनात पहिला.
रंग, मेण, चिकटा, हाताला लागेल ते उचललं.
"पण घेणारा विचारतो, तू किती मागे उरलास?
दशलक्षात किती?"
त्या प्रश्नाला झुग्वाई वेगळी वही ठेवते.

आणि अल्कोहोल, ज्यात थोडं पाणी मुद्दाम सोडलेलं:
लग्नात लागतो तसा माणूस, दोन्हीकडचा नातेवाईक.
एक हात पाण्याच्या हातात, एक तेलाच्या.
संध्याकाळी फ्लास्कच्या तळाशी
काकवीसारखं काळसर, सावकाश हलणारं.
काडीच्या टोकावर एक थेंब.
मी दहा मिनिटं बोललो नाही.

"मग उत्तम कोणता?"
"कशासाठी?" ती म्हणाली.
बिस्किटासाठी, खोकल्यासाठी, साबणासाठी?
आणि ओल्याचं की सुक्याचं?
कारण खडकावर वाळताना
आलं आपलंच पाणी रेणूरेणूनं सोडतं
आणि सोडल्यावर जास्त झोंबतं.
ते काम कुठल्याच बाटलीचं नाही.

मी तिला आमची म्हण सांगितली,
सुंठीवाचून खोकला गेला.
तिनं विचार केला.
"मग आम्ही विकायचं काय?"

हेही सांगितलं, की माझ्या भाषेत
आलं म्हणजे चित्ता
आणि आलं म्हणजे पोचलं, मिळालं, हाती लागलं.
तिनं पेन माझ्या हातात दिलं.
चार रकान्यांच्या डोक्यावर
माझ्या अक्षरात अजून असेल:
कशात किती आलं.

सोळाव्या दिवशी तिचा बाप आला, गांबो.
टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.
तिनं चारही आकडे वाचून दाखवले.
तो ऐकत राहिला, जसं दुसऱ्याच्या मुलाचं प्रगतिपुस्तक ऐकावं.
मग म्हणाला, बाजारात दलाल एक काप मोडतो,
नाकाशी नेतो,
आणि एकच आकडा सांगतो.
"त्याच्या नाकात यातलं कोणतं आहे?"

झुग्वाईनं पेनाचं टोपण लावलं. काढलं. लावलं.

जाताना त्यानं पाण्याचा चोथा मागून घेतला, शेळ्यांसाठी.
बाकीच्या तिघांकडे पाहिलंसुद्धा नाही.
बाहेर लादीमावशी कुनू विकत होती,
बाजरीच्या पेजेत आलं वाटून, पाण्यातच, न मोजता.
आम्ही तिघं उभ्यानं प्यायलो.
संध्याकाळपर्यंत ते आंबलं असतं.